बॅटरीचं ओझं घेऊन वाघबीळ चढायचा का?

वाचकाचं पत्र

नमस्कार.
शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री आहे, राहायला नागाळा पार्कात. पन्नाशी जवळ आली, आता एक गाडी फक्त स्वतःसाठी घ्यायची ठरवलंय. बजेट एक्स-शोरूम दोन कोटींपर्यंत. घरात इनोव्हा आहे, ती राहणारच. कारखान्याला मी तिच्यातूनच जातो, ड्रायव्हर असतो, कारण सकाळी फोन सुटत नाहीत. जाऊन-येऊन वीस किलोमीटर होतात. नवी गाडी रविवारी पन्हाळा, गगनबावडा, कधी आंबा घाट आणि महिन्यातून दोन वेळा पुण्याला, एवढ्यासाठी.

डोक्यात तीन गाड्या आहेत. बीएमडब्ल्यूची नवी एम ५, मर्सिडीज-एएमजीची सी ६३ एस आणि साधी पेट्रोलवरची पोर्शे ९११. पहिल्या दोन प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि घरी प्लगला लावून भरायची बॅटरी, दोन्ही असलेल्या. लेक पुण्यात इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. ती म्हणते, "बाबा, प्लग-इनच घ्या. गावात विजेवर, घाटात इंजिनवर, दोन्ही हातांत लाडू." धाकटा भाऊ म्हणतो, "मोबाइलगत रात्री चार्जिंगला लावायची ती स्पोर्ट्‌स कार कसली?" रोज जेवताना हाच विषय, आणि दोघंही मागं हटायला तयार नाहीत. तुम्हीच निकाल द्या.

— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

नमस्कार.

निकाल आधी देतो, भांडण मग सोडवू. कारखान्याला इनोव्हातूनच जाणार असाल, तर ९११ घ्या. रोज सकाळी स्वतः स्टिअरिंगवर बसणार असाल आणि रोज रात्री न चुकता प्लग लावणार असाल, तर एम ५ घ्या. सी ६३ दोन्ही बाजूंनी तुमच्यासाठी नाही.

तुमच्या पत्रातली इनोव्हाची ओळ तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझ्या मते सगळा वाद तिथंच मिटतो. प्लग-इनचा फायदा कुठं असतो? रोजच्या, ठरलेल्या, छोट्या अंतरात. नागाळा पार्क ते शिरोली आणि परत, वीस किलोमीटर, हे प्लग-इनसाठी मापाला मांडलेलं अंतर आहे. आणि नेमकं तेच अंतर तुम्ही दुसऱ्या गाडीतून, ड्रायव्हरच्या हातून कापता. उरतात रविवारचे घाट आणि पुण्याचा हायवे. या दोन्ही ठिकाणी बॅटरी लवकर संपते आणि तिचं वजन मात्र शेवटपर्यंत सोबत येतं.

वजनाबद्दल तुम्हाला मी काय सांगावं, तुम्ही कास्टिंग किलोवर विकता. तरी आकडे समोर ठेवतो. नवी एम ५ कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे २,४३५ किलो. आधीच्या पिढीच्या एम ५ कॉम्पिटिशनपेक्षा पाचशे किलोंहून जास्त. नव्या गाडीची ताकद ७२७ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप), जुनीची ६२५. शंभर पीएस वाढले, पण शून्य ते शंभरचा वेळ ३.३ सेकंदांवरून ३.५ वर गेला. म्हणजे वाढवलेली सगळी ताकद वाढलेलं वजन ओढण्यातच गेली, वर थोडी उधारीही झाली. साधी ९११ कॅरेरा ३९४ पीएसची, वजन १,५२० किलोच्या आसपास, शून्य ते शंभर ४.१ सेकंद. एम ५ कडे ३३३ पीएस जास्त आहेत आणि त्याबदल्यात मिळतो ०.६ सेकंद. दोघींची किंमतही गंमतीची आहे: २०२४ मध्ये भारतात आल्या तेव्हा दोन्ही १ कोटी ९९ लाख, एक्स-शोरूम.

सरळ रस्त्यावर वजन लपतं. मोटर तात्काळ जोर देते, पाठ सीटला टेकते, माणूस खूश. वजन दिसतं ते ब्रेक मारताना आणि वळताना. तुम्ही जे रस्ते लिहिलेत त्यात सरळ रस्ता असा नाहीच. गगनबावड्याच्या पुढं करूळ घाट उतरताना एका वळणातून गाडी सावरते न सावरते तोवर दुसरं समोर येतं. तिथं अडीच टनांची गाडी वेगात नेता येते, इलेक्ट्रॉनिक्स फार हुशार आहे, मागची चाकंही थोडी वळतात. पण ती गाडी तुम्हाला सतत सांगत राहते की काम मी करतेय, तुम्ही बसा. ९११ मध्ये काम तुमचं असतं. रविवारी सकाळी सहाला उठून माणूस घाटात जातो ते कशासाठी, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

आता लेकीच्या बाजूनं बोलू, कारण तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही.

आपण पन्हाळ्याचाच हिशोब मांडू. कोल्हापूर ते पन्हाळा साधारण वीस किलोमीटर, आणि गड खालच्या सपाटीपेक्षा चारशे मीटरनं उंच. दोन माणसं धरून एम ५ चे २,६०० किलो चारशे मीटर वर उचलायला नुसत्या चढाचीच जवळजवळ पावणेतीन युनिट वीज लागते. वर रस्त्याचं नेहमीचं घर्षण आणि हवेचा अडथळा वेगळा. एम ५ च्या बॅटरीत वापरण्याजोगी १८.६ युनिट असतात. कंपनी विजेवर ६९ किलोमीटरपर्यंत म्हणते. एसी लावून, आपल्या ट्रॅफिकमध्ये पन्नास-पंचावन्न धरा. म्हणजे पहाटे इंजिन सुरू न करता घरातून निघायचं, वाघबीळचा घाट चढून पन्हाळा, झुणका-भाकर खाऊन परत नागाळा पार्क, सगळं विजेवर होतं. उतरताना ब्रेकमधून चढाची बरीचशी वीज परतही मिळते. विजेवर ती १४० च्या वेगापर्यंत जाते, त्यामुळं हायवेलाही अडत नाही. स्पोर्ट्‌स कारला हे जमतं यात कौतुक आहेच.

हाच हिशोब सी ६३ ला लावा. बॅटरी ६.१ युनिटची. त्यातली अडीच युनिट नुसत्या चढालाच हवीत. विजेवर कंपनीनंच सांगितलेलं अंतर १३ किलोमीटर. घाट सुरू व्हायच्या आधीच वीज संपते. एएमजीवाल्यांचा यात दोष नाही. त्यांनी ती बॅटरी अंतरासाठी बनवलीच नाही. वीज झटक्यात बाहेर काढायची, झटक्यात परत भरायची, यासाठी बनवली आहे. पाचशे साठ सेल, प्रत्येकाभोवती थंड करणारा द्रव फिरतो, म्हणजे ती तापून हात वर करत नाही. इंजिनिअरिंग म्हणून सुंदर काम. मागच्या चाकांवरची मोटर दहा सेकंद २०४ पीएस देते, नंतर तिला दम घ्यावा लागतो, ९५ पीएसवर येते. पण मग ती रोज प्लगला लावून काय मिळवायचं? आणि या सगळ्यासाठी आठ सिलिंडरचं इंजिन काढून दोन लिटरचं चार सिलिंडर बसवलंय. एकूण ६८० पीएस कागदावर आहेत, वजन २,१११ किलो, आणि डिकी उरलीय २८० लिटरची. लेक, तुम्ही, वहिनी आणि गोव्याच्या दोन दिवसांच्या बॅगा, एवढंही तिच्यात नीट मावणार नाही. म्हणून म्हटलं, तुमच्यासाठी नाही.

प्लग-इनच्या आणखी दोन गोष्टी मला मनापासून आवडतात. एक, पहाटेची शांतता. नागाळा पार्कात सकाळी साडेपाचला एम ५ चं व्ही ८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, सुरू केलं की शेजारचे आजोबा गॅलरीत येतात. विजेवर गुपचूप निघता येतं. दुसरी, पाय दाबल्यावर टर्बो भरून जोर यायला जो क्षण लागतो, तो मोटर झाकून टाकते. फेरारीच्या २९६ जीटीबीत तीन लिटरचं व्ही ६ आणि १६७ पीएसची मोटर अशी काही जुळवलीय की इंजिन कुठं थांबलं आणि मोटर कुठं सुरू झाली हे पायाला कळत नाही. २०१३ मध्ये पोर्शेची ९१८ स्पायडर जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंग ट्रॅकवर ६ मिनिटं ५७ सेकंदांत फिरली, सात मिनिटांच्या आत येणारी रस्त्यावरची ती पहिली उत्पादित गाडी मानली गेली, आणि ती प्लग-इन होती. तेव्हा भावाला सांगा, चार्जिंगला लावायची गाडी स्पोर्ट्‌स कार असूच शकत नाही हे म्हणणं टिकत नाही. त्याचा राग वजनावर असेल तर मी त्याच्या बाजूनं. वायरवर असेल तर नाही.

मग या गाड्या एवढ्या जड का होत चालल्या? गिऱ्हाइकानं मागितलं म्हणून नव्हे. युरोपात कंपनीच्या सगळ्या नव्या गाड्यांच्या सरासरी धुराला मर्यादा आहे, २०२० पासून प्रतिकिलोमीटर ९५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या आसपास. चाचणीत प्लग-इन गाडी बराच काळ विजेवर चालते, त्यामुळं मोठ्या इंजिनाचीही कागदावरची आकडेवारी साळसूद दिसते. एम ५ आली तेव्हा तिचा युरोपातला अधिकृत खप शंभर किलोमीटरला दोन लिटरहून कमी लिहिलेला होता, व्ही ८ असून! रस्त्यावर काय होतं ते युरोपीय आयोगानं गाड्यांमधूनच माहिती गोळा करून २०२४ मध्ये सांगितलं: प्लग-इन गाड्यांचा प्रत्यक्ष धूर चाचणीतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीनपट. कारण सरळ आहे, लोक चार्जच करत नाहीत. जर्मनीत, ब्रिटनमध्ये कंपनीच्या नावावरच्या प्लग-इनला कर कमी पडतो, म्हणून घेतात आणि वायर डिकीत गुंडाळलेलीच राहते.

आपल्याकडं तर ती लालूचही नाही. सप्टेंबर २०२५ पासून अशा मोठ्या गाड्यांना जीएसटी ४० टक्के, मग हायब्रिड असो की शुद्ध पेट्रोल. विजेच्या गाडीला ५ टक्के. प्लग-इनला हिरवी नंबरप्लेट मिळत नाही, पांढरीच राहते, त्यामुळं विजेच्या गाड्यांच्या सवलतींकडं नुसतं बघायचं. महाराष्ट्रात आयात गाडीवर रोड टॅक्स २० टक्के आणि जुलै २०२५ पासून त्याची कमाल मर्यादा ३० लाख. तुमच्या तिन्ही गाड्या आयातच, दोन कोटींचे २० टक्के ४० लाख होतात, म्हणजे एमएच-०९ ची पाटी लागेपर्यंत ३० लाख ठरलेलेच. कर सारखा, किंमत जवळपास सारखी. युरोपातल्या माणसाला प्लग-इन घेण्याचं जे कारण आहे, ते कोल्हापुरात उरतच नाही. उरते ती फक्त गाडी.

पेट्रोल वाचेल असं लेक म्हणत असेल तर तिच्याकडून पुढचं गणित करून घ्या. घरगुती वीज वरच्या स्लॅबमध्ये पंधरा रुपये युनिट धरू. पन्नास किलोमीटरला, चार्जिंगमधली गळती धरून, एकवीस युनिट. किलोमीटरला सहा-साडेसहा रुपये. पेट्रोल शंभराच्या वर, व्ही ८ गावात लिटरला सात देईल असं धरलं तर पंधरा रुपये. रोज वीस किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस: पन्नास-पंचावन्न हजारांची बचत. दोन कोटींच्या गाडीत. या गाडीचे चार टायर बदलायला गेलात की यातलं बरंच काही टायरवाल्याकडं जमा होईल. कारखान्याच्या शेडवर सोलर असेल तर हिशोब आणखी गोड होतो, दिवसा तिथं लावून ठेवा. पण गाडी कारखान्यात जाणारच नसेल, तर तो सोलर इनोव्हाच्या काय कामाचा?

पुण्याचं बघू. घरून पूर्ण भरून निघालात, तर पेठ नाक्याच्या आसपास वीज आटोपते. पुढं कराड, सातारा, खंबाटकी आणि सहापदरीकरणाची ती वळणं-वळसे, सगळं अडीच टन ओढत पेट्रोलवर. वाटेत पटकन भरून घेऊ म्हणाल, तर एम ५ ला डीसी फास्ट चार्जिंग नाही, फक्त घरच्यासारखं हळू एसी चार्जिंग. चहा पिऊन होईपर्यंत हाती फारसं काही लागत नाही. अशा वेळी गाडीतल्या मेनूत बॅटरी राखून ठेवण्याचा पर्याय वापरायचा. हायवेला इंजिनवर जायचं आणि वीज पुण्याच्या ट्रॅफिकसाठी ठेवायची. हे जाणणारे मालक कमी, पण प्लग-इन वापरायची खरी रीत हीच आहे.

आता शोरूमवाले आपणहून सांगत नाहीत अशा काही गोष्टी. एम ५ कडं मन वळलंच, तर या लागतील.

थंड इंजिन. विजेवर शांतपणे रत्नागिरी रोडला लागलात, वाघबीळच्या पायथ्याशी आलात, मूड आला, पाय खाली दाबला. इंजिन त्या क्षणी जागं होतं आणि थेट भाराखाली जातं. तेल अजून थंड. कंपन्या यावर उपाय करतात, थंड असताना ताकद राखून देतात, पण भट्टी तापायच्या आधी धातू ओतू नये हे तुम्हाला दुसऱ्यानं सांगायची गरज नाही. घाट येण्याच्या सात-आठ किलोमीटर आधीच स्पोर्ट मोड लावून इंजिन चालू करा, तेल तापू द्या. जुन्या पेट्रोल गाडीत हे आपोआप व्हायचं, घरापासून इंजिन चालूच असायचं. प्लग-इनमध्ये ते लक्षात ठेवावं लागतं.

भरलेली बॅटरी घेऊन घाट उतरू नका. बॅटरी भरलेली असेल तर ब्रेकमधली वीज ठेवायला जागा नसते, मग सगळा भार डिस्क आणि पॅडवर. गगनबावड्याला मुक्काम करून तिथं रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी करूळ उतरणं म्हणजे उलटा कारभार. भरायचं असेल तर चढायच्या आधी भरा.

पेट्रोल शिळं होतं. गंमत बघा, लेकीचं ऐकून तुम्ही कायम विजेवर फिरलात तर टाकीतलं पेट्रोल महिनोन्‌महिने तसंच. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं, आणि त्यातला काही भाग आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतून गेलेला असेल. इथेनॉल पाणी शोषतं, आणि आपल्याकडं पावसाळा चार महिने. अशा गाड्यांत बंद, दाबाखालची टाकी असते, ती हवेशी संबंध बराच तोडते. तरी टाकी अर्धीच ठेवा आणि महिन्यातून एकदा मनसोक्त इंजिनवर फिरवा. दाबाच्या टाकीमुळं पंपावर एक नवा प्रकार होतो: झाकण उघडायला आधी गाडीत बटण दाबायचं, आतला दाब उतरेपर्यंत थांबायचं. तावडे हॉटेलच्या बाजूला पंपावर रांग लागलेली असताना मागच्या ट्रकवाल्याला हे समजावून सांगायची तयारी ठेवा.

आणि पूर. नागाळा पार्कात २०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं, २०२१ ला कुठपर्यंत, तुम्हाला इंच न इंच माहीत असेल. चार्जर त्या खुणेच्या चांगला वर भिंतीला लावा, गाडी बेसमेंटमध्ये ठेवत असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये ती आधीच उंचावर हलवा. उच्च दाबाची बॅटरी सीलबंद असते, पण उंबऱ्याला पाणी लागून गेलेली गाडी चालूही करायची नाही आणि प्लगलाही लावायची नाही, सरळ फ्लॅटबेडवर. विमा घेताना पुराचं पाणी, इंजिन आणि बॅटरी या तिन्हींचं संरक्षण पॉलिसीत शब्दांत लिहिलेलं आहे का ते बघा, एजंटच्या तोंडी नको. इथं प्लग-इनला एक मार्क द्यावा लागेल: पुरात महावितरणची वीज चार दिवस गेली तर शुद्ध इलेक्ट्रिक गाडी अडकते, ही पेट्रोलवर निघून जाते. अर्थात शिरोलीला हायवेच पाण्याखाली असेल तर जाणार कुठं, ते वेगळं.

टिकाऊपणावर थोडं रेंगाळतो, कारण माझ्या मते प्लग-इन स्पोर्ट्‌स कारचा सगळ्यात मोठा सौदा हा आहे आणि चर्चेत तो येतच नाही. दसऱ्याला राजघराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते तेव्हा आपण सगळे माना उंच करून बघतो. ती आजही चालते, कारण तिच्यात जे काही आहे ते माणसाच्या हाताला कळतं. उद्यमनगरात पिस्टनच्या मापाचं, बुशचं, गिअरच्या दात्याचं काम लेथवर उभं करणारी माणसं आहेत. आजची ९११ काही मेबॅक नाही, तिच्यातही संगणक भरलेत. पण तिच्यात उच्च दाबाची बॅटरी, तिचा नियंत्रक, इन्व्हर्टर आणि या सगळ्यांना एकमेकांशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर हा थर नाही. हा थर बिघडला तर उद्यमनगरात कुणी हात लावणार नाही, लावूही नये. गाडी पुण्या-मुंबईला जाणार. एम ५ च्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे. नवव्या वर्षी काय, हा प्रश्न गाडी पाच वर्षांत विकणाऱ्याला पडत नाही, तो तिला विकत घेणाऱ्याला पडतो, आणि म्हणून तो आधीच भाव पाडून मागतो. फेरारीलाही हे कळलं. २०२४ मध्ये त्यांनी हायब्रिड गाड्यांसाठी अशी योजना आणली की वर्षाला पैसे भरा, आठव्या आणि सोळाव्या वर्षी बॅटरी आम्ही नवी बसवून देऊ. मालकांच्या मनात भीती नसती तर ही योजना निघालीच नसती. त्यांच्याच एसएफ ९० चे सेकंडहँड बाजारातले भाव ज्या वेगानं उतरले, त्याची चर्चा जगभर झाली.

तुम्ही गाडी मुलीला देऊन जायची म्हणत असाल, तर हे गणित तिच्यासमोर मांडा. इंजिनिअर आहे, समजेल.

ती इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे म्हणून तिला आवडेल असा एक मधला रस्ताही सुचवतो. दोन्ही हातांतले लाडू एकाच गाडीत कोंबायची गरज नाही. इनोव्हाचे दिवस भरत आले की तिच्या जागी शुद्ध इलेक्ट्रिक गाडी घ्या. महिंद्राची चाकणला बनणारी एक्सईव्ही ९ई वरच्या मॉडेलमध्येही तीस लाखांच्या घरात सुरू झाली होती, बॅटरी ७९ युनिटची, जीएसटी ५ टक्के, पाटी हिरवी. ड्रायव्हर तीच चालवेल, तुम्ही मागं बसून फोन करा, कारखान्यात सोलरवर लावून ठेवा. आठवडाभर धूर शून्य, आणि रविवारी ९११. लेकही खरी, भाऊही खरा, आणि तुम्हाला अडीच टन घेऊन वाघबीळ चढावा लागत नाही.

भाऊ विचारेल, ९११ मध्येही आता हायब्रिड आलीय की. आलीय, २०२४ ची कॅरेरा जीटीएस. पण तिला प्लग नाही. बॅटरी फक्त १.९ युनिटची, ती टर्बोला फिरवायला आणि गिअरबॉक्समधल्या मोटरला पाजायला. एकूण वजन वाढलं पन्नास किलो, ताकद ५४१ पीएस, आणि न्यूरबर्गरिंगवर आधीच्या जीटीएसपेक्षा ८.७ सेकंदांनी वेगवान. घाटासाठी वीज वापरायची तर अशी वापरावी, असं माझं मत. फक्त भारतात ती पावणेतीन कोटींना आली, तुमच्या बजेटच्या बाहेर. बजेट ताणू नका, साधी कॅरेरा पुरेशी आहे. आपल्या रस्त्यांवर ३९४ पीएस वापरून संपवणारा माणूस मला अजून भेटायचाय.

ऑर्डर देताना एक खर्च मात्र टाळू नका: पुढचं तोंड वर उचलायची सोय. गगनबावडा रोडला गावागावांत जे स्पीडब्रेकर घातलेत ते कुठल्याही मापात बसत नाहीत. तो पर्याय नसेल तर पहिल्याच रविवारी खालचा ओठ घासणार, आणि आवाज बायकोला ऐकू जाणार.

एम ५ अजूनही डोक्यातून जात नसेल, तर डीलरला डेमो गाडी कोल्हापूरला पाठवायला सांगा. दोन कोटींच्या गिऱ्हाइकाला ते सहसा नाही म्हणत नाहीत. गाडी येईल ती शंभर टक्के भरलेली येईल, आणि तेवढ्यात ती फार छान वागेल. तुम्ही आधी ती किणी टोलनाक्यापर्यंत आणि परत, मग गावात, अशी फिरवून बॅटरी पुरती संपवा. सेल्समन चुळबुळ करेल, करू द्या. मग भावाला पुढं, लेकीला मागं बसवून रिकाम्या बॅटरीवर वाघबीळ चढा, आणि उतरताना ब्रेकच्या पेडलकडं लक्ष ठेवा. मोटरचा ब्रेक कुठं सुटतो आणि डिस्कचा कुठं लागतो हे पायाला खटकलं, तर ते रोज खटकणार. नाही खटकलं, आणि घरी परतल्यावर भाऊसुद्धा गप्प बसला, तर गाडी घेऊन टाका. मात्र मग इनोव्हाच्या ड्रायव्हरला सकाळची सुट्टी द्यावी लागेल, आणि फोन शिरोलीला पोचल्यावर.

— गाडीचा सल्लागार